फुटलेल्या जोडीचा शाप

एका राज्यात दोन हातांची टाळी वाजत नसे. हात हाताशी येई आणि ऐन वेळी चुकून पुढे निघून जाई. जात्याचे दोन दगड एकमेकांवर ठरत नसत, म्हणून लोक दाणे भिजवून खात. बैलजोडी जुवाखाली उभी केली की एक बैल उगवतीची वाट धरी, दुसरा मावळतीची, आणि नांगर जागच्या जागी राही. दाराची कवाडे मिटत नसत. लग्नात अंतरपाट दूर झाला तरी वधूचा हात वराच्या हातात टिकत नसे. मंत्र म्हणणारे दमत, आणि वऱ्हाड आल्या पावली परत जाई.

त्या राज्याची राणी होती कुवलया. तिचे वडील राजा वज्रकेतू स्वर्गवासी झाले तेव्हा तिला सिंहासन मिळाले, आणि सिंहासनाबरोबर हा शापही मिळाला.

शाप कसा लागला हे राज्यातल्या लहानथोरांना ठाऊक होते. वज्रकेतूच्या दरबारी दोन कलावंत होते, वैणिक मणिधर आणि पखवाजी खेमराज. ते ना एका गावचे, ना एका कुळाचे. पोरवयात दोघे तमालनाथ नावाच्या मांत्रिकाच्या आश्रमात विद्येसाठी आले, तिथे भेटले, आणि पुढे एकावाचून दुसरा वाजवीना. निरोप देताना तमालनाथाने दोघांच्या मनगटांभोवती एकच दोरा गुंडाळला आणि म्हणाला, "ही जोडी जो तोडील त्याच्या राज्यात कोणतीच जोडी टिकणार नाही." मग दोरा अदृश्य झाला आणि ते दोघे दरबारी रुजू झाले.

वर्षे गेली. केस पांढरे झाले. एका वसंतोत्सवात दोघे वाजवायला बसले असता खेमराजचा पखवाज भलताच जड पडू लागला. समेवर थाप पडे ती दगडावर घण पडावा तशी. वीणेचे नाजूक काम त्याखाली चिरडून जाई. सभा अस्वस्थ झाली. असे आधीच्या काही उत्सवांतही झाले होते, पण या वेळी राजा उठला. त्याने मणिधराला विचारले, "हा तुझ्या आड येतो आहे का?" मणिधर काही बोलला नाही. राजाने ते मौन संमतीचे मानले आणि खेमराजाला राज्याबाहेर घालवले.

खेमराज नदी उतरून पलीकडच्या तीरावर गेला, तिथे बसला, आणि काही काळाने त्याचा धोंडा झाला. मणिधर अलीकडच्या तीरावर काही ऋतू एकटा वीणा वाजवत राहिला, मग त्याचाही धोंडा झाला. त्या दिवसापासून राज्यात टाळी वाजेनाशी झाली.

कुवलयेने गादीवर बसताच पहिला हुकूम काढला तो हद्दपारी रद्द केल्याचा. दवंडीवाल्याने नदी उतरून त्या धोंड्यासमोर उभे राहून तो हुकूम वाचला. धोंडा हलला नाही.

तेव्हा राणी तमालनाथाच्या गुहेकडे निघाली. रथाची चाके जोडीने फिरत नसत, म्हणून ती पायीच गेली.

गुहेत मांत्रिक बसला होता. त्याच्या उजव्या हाताला एक दिवा होता, डाव्या हाताला एक. दोन्हींच्या ज्योती एकमेकींकडे पाठ फिरवल्यासारख्या बाहेरच्या बाजूला झुकल्या होत्या.

"नाथबाबा, हा शाप आपला आहे," राणी म्हणाली. "तो मागे घ्या."

"मला घेता येत नाही."

"आपण मांत्रिक असून?"

"मंत्राने बांधलेले मंत्राने सुटते. हे दोघे मंत्राने बांधलेले नव्हते, राणी. ते आधीच जोडलेले होते, मी वरून नुसता दोरा गुंडाळला. आत काय होते ते मला तेव्हाही कळले नाही. कोणी ते ओळखून सांगेल तर गाठ पुन्हा बसेल."

"त्या दोघांनाच विचारले असते, पण ते धोंडे होऊन बसले आहेत."

"बोलते असते तरी काय सांगते? एकाला अर्धे ठाऊक, दुसऱ्याला दुसरे अर्धे." तमालनाथाने दिव्यांची काजळी झाडली. "त्यांचे वादन तीन पक्ष्यांनी ऐकून ठेवले आहे. त्यांच्या तरुणपणी माझ्या अंगणात एक राघू होता. दरबाराच्या छताला एक साळुंकी होती. नदीच्या दलदलीत एक सारस आहे. पक्षी ऐकलेले टाकून देत नाहीत. तू ऐक आणि येऊन सांग, त्या दोघांत काय होते. खरे सांगितलेस तर या दोन ज्योती एक होतील. खोटे सांगितलेस तर तुझ्या अंगच्या जोडीतले एक शाप घेऊन जाईल."

"मान्य आहे," राणी म्हणाली.

राघू आता काचेच्या डोंगरावर राहत होता. त्या डोंगरावर पादुका घालून चढणारा घसरून खाली येई आणि दोरी लावून चढणाऱ्याची दोरी कापली जाई. राणीने पादुका पायथ्याशी काढल्या. अनवाणी पायाला घाम सुटे तेवढाच तो काचेला चिकटे. ती चढली. माथ्यावर एक वठलेले झाड होते आणि त्याच्या फांदीवर म्हातारा, पिसे झडलेला राघू.

"ऐकायला आलीस?" राघू म्हणाला.

"हो."

"राजे लोक ऐकत नाहीत, मध्ये बोलतात. सूर्य मावळेपर्यंत बोलायचे नाही. बोललीस तर मी उडून जाईन."

राणी बसली. ऊन चढले, काच तापली, तिचे पाय भाजले. ती बोलली नाही. सूर्य टेकला तेव्हा राघूने चोच उघडली आणि त्यातून वीणा वाजू लागली.

ती तरुण माणसाची वीणा होती. दोन सूर लावून ती थांबे, तोच पखवाज झेपावून यायचा आणि दोहोंच्या जागी आठ बोल टाकायचा. वीणा वळण घेई, पखवाज त्या वळणावर आधीच जाऊन उभा. वीणा दुप्पट करी, पखवाज चौपट. मग ऐन रंगात वीणा एकाएकी थांबली. पखवाज एकटाच धावत सुटला, पुढे जाऊन अडखळला, थांबला. क्षणभर काहीच नव्हते. नंतर दोन तरुण मोठमोठ्याने हसले. राघूने चोच मिटली.

राणी गुहेत परत आली.

"चढाओढ होती," ती म्हणाली. "दोघे एकमेकांना हरवू पाहत होते. शेवटी मणिधराने सापळा लावला आणि खेमराज त्यात पडला."

ज्योती आणखी दूर झुकल्या. राणीच्या डाव्या कानात वाऱ्यासारखे काही शिरले आणि सगळे आवाज त्या बाजूने संपले.

"हसणे ऐकलेस का?" तमालनाथाने विचारले.

"ऐकले. जिंकणारा हसतोच."

"दोघे हसले होते," तो म्हणाला.

साळुंकी दरबार सोडून गेली होती ती चालणाऱ्या झाडांच्या रानात. त्या रानात एक यक्ष होता. जगातले आवाज पकडून तो मडक्यांत भरून ठेवी. रानाच्या मध्यभागी त्याने मडक्यांच्या उतरंडी रचल्या होत्या आणि झाडे त्यांच्याभोवती गस्त घालत होती.

"मला एक साळुंकी हवी आहे," राणी म्हणाली.

"आहे यातच कुठेतरी," यक्ष म्हणाला. "एकच मडके उचलायचे. चुकीचे उचललेस तर तुझा आवाज त्यात भरून ठेवीन."

राणी उतरंडींमधून फिरू लागली. एकाच कानाने ऐकताना आवाज कोणत्या बाजूचा ते कळेना, म्हणून ती प्रत्येक मडक्याला कान लावी. एकात धबधबा होता. एकात सोनाराची हातोडी. एकात साळुंकीची शीळ होती, अगदी लाघवी. राणीचा हात त्यावर गेला आणि थांबला. धरून कोंडलेला पक्षी शीळ घालत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. राजवाड्यात पिंजरे पुष्कळ होते. तिने अशा मडक्याचा शोध घेतला ज्यातून काहीच ऐकू येत नव्हते. एक सापडले. तिने झाकण काढले. साळुंकी अंग चोरून तळाशी बसली होती.

यक्षाने हात जोडायचा प्रयत्न केला, ते जुळले नाहीत. मग नुसती मान लववून तो बाजूला झाला.

साळुंकी राणीच्या खांद्यावर बसली आणि तिने वसंतोत्सवाची सभा सुरू केली. वीणा आता पोक्त होती, सावकाश चालत होती. पखवाज जड होता. दर आवर्तनाला समेवर ती प्रचंड थाप पडे आणि राणीचा खांदा हादरे. मधले बोल खेमराजने जवळजवळ टाकूनच दिले होते. राघूच्या चोचीतली ती चपळाई कुठे उरली नव्हती. मग साळुंकीच्या कंठातून राजा वज्रकेतूचा आवाज आला. "मणिधरा, हा तुझ्या आड येतो आहे का?" त्यानंतर मोठे मौन. त्यानंतर पुन्हा राजाचा आवाज. "कळले."

वडिलांचा आवाज ऐकून कुवलया तिथेच एका मुळावर बसली. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते. न्यायासनाच्या पायरीवर तिला बसवून ते म्हणत, की साक्षीदार बोलतो तेवढेच ऐकणारा राजा अर्धाच न्याय करतो; न बोललेलेही ऐकावे. त्या दिवशी त्यांनी तेच केले होते. ते चुकले असतील असे मानायला तिचे मन तयार होईना.

गुहेत येऊन ती म्हणाली, "मत्सर होता. वय झाले, हात थकले, खेमराजाला पूर्वीसारखे वाजवता येईना. मणिधराचे कौतुक होत राहिले ते त्याला सोसवले नाही. मणिधर दुखावला आणि त्याने मौन राखून त्याला जाऊ दिले."

ज्योती विझतील इतक्या लांब ओढल्या गेल्या. तमालनाथाचे ओठ हलले. राणीला काही ऐकू आले नाही. बाहेर झाडे हलत होती, त्यांचाही आवाज नव्हता. तिने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारून पाहिले आणि ते घशात थरथरले तेवढेच तिला कळले.

तमालनाथाने हात उचलून नदीच्या दिशेला बोट दाखवले.

बहिरी राणी चालू लागली. वाटेत लोक तिला काही सांगत, हात हलवत. ती मान डोलावी आणि पुढे जाई. असे बऱ्याचदा झाल्यावर तिच्या ध्यानात आले की समोरच्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. राणीने मान डोलावली की ऐकले असेच सगळे समजत. तिला यात थोडी गंमत वाटली आणि थोडी भीती.

दलदल नदीच्या वळणावर होती. तिथे पाय चुकला की माणूस गळ्यापर्यंत रुते. मध्यभागी सारस उभा होता, एकटाच, कारण शापाने त्याची जोडीदारीण त्याच्यापाशी थांबेना. ती उडून आली की वारा तिला दुसरीकडे नेई. सारसाने राणीला पाहिले आणि चोच उघडून काही विचारले. राणीने आपल्या कानांना हात लावला आणि मान हलवली. मग तो काठाकडे आला आणि वळून पुन्हा आत चालू लागला, सावकाश, दर पावलाला मागे पाहत. तो जिथे पाय ठेवी तिथेच राणी पाय ठेवी. अशी ती घट्ट जमिनीच्या एका बेटावर पोहोचली.

तिथे सारसाने मान वर केली आणि वादन सुरू केले. ते त्याच्या फुगलेल्या गळ्यावरून दिसत होते. राणीला काहीच ऐकू येत नव्हते. मग तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याला कवटाळले आणि गाल त्याच्या छातीला लावला.

आधी काहीच नव्हते. मग पिसांखाली बारीक थरथर लागली, गवतावरून मुंगी चालावी तेवढी. ही वीणा असावी. ती इतकी क्षीण होती की लक्ष जरा ढळले की हरवे. राणी ती धरू पाही आणि ती निसटे.

मग धप्प असा एक ठोका आला. तिला वाटले, हे पक्ष्याचे काळीज. पण पक्ष्याचे काळीज तर बाजूलाच भरभर उडत होते, आणि हा ठोका संथ होता. पुन्हा थरथर, पुन्हा ठोका. तिने चाल मोजली आणि ती तिच्या ओळखीची निघाली. हाच ठेका साळुंकी खांद्यावर असताना तिच्या हाडात शिरला होता. पण हे वादन नदीकाठचे, तेव्हा खेमराज पलीकडच्या तीरावर गेलेला, मग हा ठेका कोण धरतो आहे? ठोक्याला पखवाजाची मागे घुमणारी आस नव्हती. तो मातीवर टाच आपटल्याचा ठोका होता.

मणिधर वाजवता वाजवता टाचेने मित्राचा ठेका धरत होता. आणि दर वेळी टाच पडण्याआधी थरथर थांबे. वीणा थांबे, आणि तिथे रिकामी जागा राही.

अशी रिकामी जागा राणीने आधीही ऐकली होती, काचेच्या डोंगरावर. तिला ती तेव्हा सापळा वाटली होती.

ती पक्ष्याला तशीच धरून राहिली. साऱ्या जगातून आता तिच्यापर्यंत काय येत होते? हा जड ठोका, तेवढाच. वाऱ्याचा आवाज नाही, स्वतःच्या नावाचा नाही. ठोका मात्र येत होता, छातीतून, टाचेतून, जमिनीतून. हे मनात येताच तिने पक्ष्याला सोडले आणि ती तशीच परत निघाली.

गुहेत ती पोहोचली तेव्हा तमालनाथ उठून उभा राहिला. राणी स्वतःचा आवाज न ऐकता बोलू लागली, त्यामुळे काही शब्द फार मोठे निघाले आणि काही अगदी हळू.

"मणिधर बहिरे झाले होते. कोणाला कळले नाही, खेमराजांना कळले. दरबाराचा दंडक आहे की इंद्रियाने उणा झालेला कलावंत सभेत बसू नये. म्हणून खेमराजांनी आपले सगळे बारीक काम टाकून दिले आणि फरशीतून मित्राच्या पायाला पोहोचेल एवढी जड थाप तेवढी ठेवली. लोक नावे ठेवत राहिले, त्यांनी ठेवू दिली. माझ्या वडिलांनी विचारले तेव्हा मणिधर वीणेवर मान घालून बसले असणार. त्यांनी प्रश्न ऐकलाच नाही. खेमराजांना हे माहीत होते. तोंड उघडले असते तर ते राहिले असते आणि मणिधर गेले असते."

पुढचे वाक्य तिला जड गेले.

"माझे वडील चुकले. आणि त्या दोघांत काय होते म्हणाल, तर तरुणपणी मणिधर थांबून जागा करून देत आणि खेमराज तीत धावत सुटत. जागा त्यांच्या बोलांहून मोठी निघाली, म्हणून दोघे हसले. म्हातारपणी खेमराजांनी आपली जागा सोडली आणि मणिधरांना तिच्यावर उभे केले. खेमराज गेल्यावरही मणिधर तिथे दुसरे काही वाजवीनात. ती जागा त्यांनी तशीच ठेवली."

दोन ज्योती सरळ झाल्या. मग त्या एकमेकींकडे वळल्या, वाढल्या आणि मध्ये एक झाल्या. राणीच्या डाव्या कानात पाण्याचा बुडबुडा फुटावा तसे झाले आणि गुहेबाहेरच्या झाडांचा आवाज आला. उजवा कान उघडला नाही. असे का, ते तमालनाथालाही सांगता आले नाही.

"माझ्या अंगणात वाढलेली पोरे," तो म्हणाला. "मला हे कळले नाही." त्याने पुढे विचारले, "मग मणिधर त्याला शोधायला का गेला नाही? नदी तर उतरण्याजोगी होती."

"ते वादनात नाही," राणी म्हणाली. "ते मला ठाऊक नाही."

"बरोबर. जा आता. ज्यांचे आहे त्यांना सांग, म्हणजे शाप उतरेल."

राणी नदीवर आली. कमरेएवढे पाणी तुडवून ती पैलतीरी गेली आणि खेमराजाच्या धोंड्यासमोर बसली.

"खेमराजबुवा," ती म्हणाली, "मणिधरांनी राजाचा प्रश्न ऐकला नव्हता. त्यांनी तुम्हाला नाकारले नाही."

धोंडा हलला नाही. हे तर त्याला पहिल्यापासून ठाऊकच होते.

राणीने विचार केला. मग ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर ते या नदीच्या पलीकडे बसून वाजवत होते. तुमचा ठेका टाचेने धरत होते. समेच्या आधी थांबत होते."

धोंड्यावरचे शेवाळ गळून पडले. आतून जाडजूड पंजांचा एक म्हातारा बाहेर आला. त्याने आधी हातांची बोटे मोकळी केली.

"वाजवत होता?" त्याने विचारले. "मला वाटले, ठेका गेला म्हणजे त्याची वीणाही गेली. इथून काही ऐकू आले नाही. नदीचा आवाज फार."

"वाजवत होते."

"समेच्या आधी थांबत होता?"

"दर वेळी."

खेमराज नदीकडे वळला. "चांगली खोड आहे ती," तो म्हणाला आणि पाण्यात उतरला.

अलीकडच्या तीरावर मणिधराचा धोंडा होता. खेमराज त्याच्यापुढे मांडी घालून बसला. एक शब्द न बोलता त्याने दोन्ही पंजे दगडावर टाकले आणि तोच जड ठेका सुरू केला. वाळू हादरली, काठचे पाणी थरथरले. पुष्कळ आवर्तने झाली. त्याचे पंजे सोलवटले. राणी पुढे होऊ लागली तसा त्याने मानेनेच तिला थांबवले. मग एका समेवर दगडातून एक टाच बाहेर आली आणि ठेक्याबरोबर वाळूवर पडली. मागून गुडघा आला, हात आले, मान आली. मणिधराने डोळे उघडले आणि समोरच्याला पाहिले.

"का गेलास?" त्याने विचारले.

खेमराजने त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि एकेक अक्षर सुटे करून म्हणाला, "पाठवले. राजाने."

मणिधराला ते समजायला वेळ लागला. त्याने बोटे तशीच गळ्यावर ठेवली. "मला कोणी सांगितले नाही. सांगितले असेल. लोक येऊन बोलत, मी मान डोलावी." मग तो म्हणाला, "मला वाटले, तू कंटाळलास. बहिऱ्याला किती दिवस ओढायचे? म्हणून आलो नाही शोधायला. कंटाळलेल्याच्या मागे काय जायचे?"

"कंटाळलो होतो," खेमराज म्हणाला. "पण गेलो नसतो."

मणिधर हसला. त्याला हसताना पाहून खेमराजही हसला. राणी जरा दूर जाऊन उभी राहिली.

त्याच वेळी राज्यात जाती फिरू लागली आणि पहिले पीठ पडले. बैल एका दिशेने निघाले. दारे मिटली. ज्यांची लग्ने अर्धी राहिली होती त्यांनी ती पुरी करून घेतली. दलदलीत सारसाची जोडीदारीण उतरली आणि वाऱ्याने तिला नेले नाही.

राणीने भर दरबारात सांगितले की माझ्या वडिलांचा तो निवाडा चुकीचा होता आणि आज मी तो बदलते आहे. दंडकही तिने त्याच दिवशी मोडीत काढला. मग वसंतोत्सव आला. सभागृहात फरशीवर लाकडी चौथरा घातला होता. मणिधर अनवाणी बसला, शेजारी खेमराज. मणिधर बहिरा आहे हे आता सर्वांना ठाऊक होते. राणीने आपले आसन तिरके करून डावा कान त्यांच्याकडे केला.

वादन सुरू झाले. थोड्या वेळाने प्रधान वाकून तिच्या कानाशी आला.

"महाराणी, मागच्या रांगांतून तक्रार आहे. पखवाज फार जड पडतो. वीणा ऐकू येत नाही म्हणतात."

"पुढे येऊन बसायला सांगा," राणी म्हणाली.

प्रधान मागे गेला. रांगांमध्ये कुजबुज झाली. मग लोक एकेक करून उठले आणि पुढे येऊन चौथऱ्याला लागून बसले.